लिंटेल, खुंटी आणि पडद्याची दांडी

खिडकीला पडदा लावणे या गोष्टीला इतिहासाच्या पुस्तकात जागा नाही, हे मला मान्य आहे. शाळेत आपण प्लासी शिकलो, पानिपत शिकलो, १८५७ शिकलो. पडद्याची दांडी कुठल्याच धड्यात नव्हती. तरीपण गेले तीन-चार वीकेंड मी याच विषयाच्या मागे लागलोय. कारण साधं आहे. बारामतीत आमचं नवीन घर झालं, त्याला सात खिडक्या आहेत, आणि सातही खिडक्यांवर दांड्या बसवायचं काम माझ्याकडे आलं. (मुलगा इंजिनियर म्हटला की संपलं. मग तो हापिसात जावामध्ये कोड का लिहीत असेना. नळ, पंखा, मिक्सर आणि पडदे ही खाती आपोआप त्याच्याकडे येतात.)

सात खिडक्या, प्रत्येकीला दोन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन स्क्रू. एकूण २८ भोकं. ड्रिल मशीन हातात धरून २८ भोकं पाडताना कान बंद होतात, पण डोकं चालू राहतं. डोक्यात प्रश्न आला तो असा: ही भोकं पाडायची वेळ माझ्याच पिढीवर का आली? माझ्या आजोबा-पणजोबांनी उभ्या आयुष्यात भिंतीला असं भोक पाडलं असेल का? आणि नसेल, तर मधल्या काळात नेमकं काय बदललं?

उत्तर शोधता शोधता दुष्काळ, प्लेग, ऊस, सिमेंट, लंडनचं म्युझियम अशी बरीच भटकंती झाली. ती इथे लिहून ठेवतो.

सुरुवात खिडकीपासून करू. कारण खिडकी असेल तर पडद्याचा प्रश्न, आणि आमच्या भागातल्या जुन्या घरांना बहुतेक खिडक्याच नव्हत्या.

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठावर. तिथलं आमचं घर म्हणजे माळवद. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: माळवद म्हणजे मातीचं सपाट छत असलेलं घर. कोकणात पाऊस धो धो, म्हणून तिकडे उतरती कौलारू छपरं. आमचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यामुळे सपाट छत चालून जायचं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या-काटक्या, त्यावर पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. चोपून चोपून बसवलेला. पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची, की वर्ष निघालं.

ही पांढरी माती मोठी गमतीची गोष्ट आहे. आपल्याकडे शेतजमिनीला 'काळी' म्हणतात आणि गावठाणाला 'पांढरी'. काळी पिकवते, पांढरी राहायला जागा देते. जुन्या वस्तीच्या जागची ही माती घट्ट बसते, पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. म्हणून भिंतीही त्याचीच आणि छतही त्याचंच. भिंतीची जाडी दोन-अडीच फूट. आत शिरलं की मे महिन्यातही गार.

आणि खिडकी? नाही. उजेडासाठी पुढचं दार, आणि छताला एक भोक. त्याला सवणं म्हणायचे. चुलीचा धूर त्यातून वर जायचा, उजेडाचा एक कवडसा त्यातून खाली यायचा. पाऊस आला की कुणीतरी वर जाऊन ते झाकायचं.

खिडकी नसण्यामागं अडाणीपणा होता असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. तीन पक्की कारणं होती. एक, ऊन. बाहेर ४० अंश असताना भिंतीला मोठं भोक ठेवणं म्हणजे गरम वाऱ्याला आवतण. दोन, चोर. आणि तीन, जे मला इंजिनियर म्हणून सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मातीच्या भिंतीत रुंद भोक ठेवलं तर त्याच्या वरची भिंत कोण उचलणार? त्यासाठी वर एक दणकट आडवं लाकूड नाहीतर लांब दगड पाहिजे. आमच्या माळरानावर सागवान उगवत नाही. चांगलं लाकूड विकत आणायचं, तर ते आधी दाराला, मग तुळयांना. खिडकीचा नंबर लागायचाच नाही.

मग वस्तू अडकवायच्या कुठं? भिंतीतच. भिंत बांधतानाच लाकडी खुंट्या आत घालायच्या, इतक्या खोल की माणूस लोंबकळला तरी निघू नयेत. दिव्यासाठी देवळी, डबे-बुडकुल्यांसाठी कोनाडा, सगळं भिंतीच्या जाडीत. माझ्या भाषेत सांगायचं तर सगळं हार्डकोडेड होतं. खुंटी कुठं पाहिजे हे घर बांधणाऱ्यानं एकदा ठरवलं की पुढच्या तीन पिढ्यांनी तिथंच पागोटं अडकवायचं. नंतर बदल करायची सोय नाही. पण बदल करायची गरजही नाही, कारण खुंटी कधी ढिली होत नाही.

बरं, हे झालं गरिबाचं घर. श्रीमंतांकडे तरी खिडक्या होत्या का? होत्या, पण कुठल्या बाजूला ते बघण्यासारखं आहे.

शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचं नाव इंदापूरशी जोडलेलं आहे आणि गावातल्या गढीला त्यांचीच गढी म्हणतात. गढी म्हणजे गावातला छोटा किल्लाच. गढीच्या बाहेरच्या भिंतीला भोकं असतात ती जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायच्या फटी. थोडक्यात, बाहेर बघायचं ते नेम धरायला.

बारामतीत कऱ्हेच्या काठावर बाबुजी नाईकांचा वाडा आहे. बाबुजी नाईक जोशी म्हणजे बडे सावकार-सरदार. त्यांचे भाऊ आबाजी हे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे यजमान. कवी मोरोपंत (१७२९ ते १७९४) पन्हाळ्याहून आले ते या नाईकांच्या आश्रयाला, आणि पुढचं सगळं आयुष्य बारामतीत पुराण सांगत आणि आर्या लिहीत राहिले. अशा वाड्यांची पेशवाईतली एकूण रचना पाहिली तर खालच्या मजल्याची बाहेरची भिंत दगडी आणि बिनखिडक्यांची. उजेड-वारा यायचा तो आतल्या चौकातून. खिडक्या असत त्या वरच्या मजल्यावर, त्यांनाही लाकडी झडपा. आणि मोठ्या दरवाजात जी छोटी दिंडी असते, तिलाही जुन्या मराठीत 'खिडकी' म्हणत. म्हणजे खिडकी हा शब्दसुद्धा मुळात उजेडाचा नाही, तर वाकून आत शिरायच्या छोट्या दाराचा आहे.

जाड आणि आंधळ्या भिंतींचं कारण भीती. ती भीती उगाच नव्हती. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून जे प्रकरण प्रसिद्ध आहे त्याची सुरुवात ती. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. लोकांना सोनं-नाणं नको होतं, त्यांना हवे होते कर्जाचे रोखे आणि वह्या. ते बाहेर काढून जाळले. शेतकऱ्याला रोख्याची भीती, सावकाराला शेतकऱ्याची भीती. अशा गावात रस्त्याकडे तोंड करून चार बाय सहाची खिडकी कोण ठेवेल, राव?

आता पडद्याकडे. पडदा हा शब्द फारसी. खिडकीच्या कितीतरी आधी तो आपल्याकडे आला, पण तो खिडकीवर नव्हता. तंबूला कनात होती, बैठकीच्या दाराला पडदा होता, चिक म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे होते, उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे पाणी मारून लावत. आणि लग्नातला अंतरपाट तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. बिनदांडीचा पडदा! दोन माणसं दोन टोकं धरून उभी राहतात, हात दुखले तरी मंगलाष्टकं संपेपर्यंत सोडत नाहीत.

पण सरदार-जहागीरदारांच्या घरात पडदा याचा खरा अर्थ गोषा. बाईनं परपुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. पडदा कपड्याचा, पण झाकायची ती बाई. आणि तो कधी सरकवायचा हे ठरवणार दुसरंच कुणीतरी. त्यात प्रतिष्ठाही होती. 'त्यांच्याकडे गोषा आहे' म्हटलं की घराणं मोठं. शेतात खुरपणाऱ्या बाईला हे परवडणारं नव्हतं, तिच्या घरी ना पडदा ना खिडकी. त्यामुळे आज खिडकीवर जो पडदा आपण आपल्या सोयीनं सरकवतो, तो जुन्या पडद्याचा वारस आहे असं म्हणायला माझं मन घेत नाही. नाव तेच, काम वेगळं. तो माणसाला लपवायचा, हा उन्हाला अडवतो. आणि याची दोरी आतल्या माणसाच्या हातात आहे.

मग आंधळ्या भिंतींना डोळे कधी फुटले? पहिला धक्का प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत, आणि त्यानंतर पुण्यात प्लेग आला. पुढचं रँडसाहेब आणि चाफेकर बंधूंचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात एक भाग घरांचाही होता. तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत अशी की प्लेग अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत वाढतो. म्हणून मुंबईत उजेड-वारा यावा यासाठी घरांची कौलं काढली गेली, कित्येक घरांवर 'राहण्यास अयोग्य' असे शिक्के मारले गेले. प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, पण ते सगळ्यांना पटायला आणखी दहाएक वर्षं गेली. तोवर उजेड हा सरकारी विषय झाला होता.

१८९८ मध्येच मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यांचा एक नियम मला फार आवडला: ६३.५ अंशांचा नियम. खोलीच्या भिंतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. तिचा जमिनीशी कोन ६३.५ अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. हा विचित्र आकडा कुठून आला? कॅल्क्युलेटरवर ६३.५ चा टॅन काढून बघा. जवळजवळ २ येतो. म्हणजे समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुप्पट उंचीपर्यंतच. साधं गणित, पण त्यामागचा विचार नवा होता: उजेड हा माणसाचा हक्क आहे आणि शेजारी तो अडवू शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे विचार देशभरच्या नियमांत आले. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहितेची पहिली आवृत्ती निघाली. या संहितेच्या नियमाप्रमाणे उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश तरी उघडा भाग खिडकी-झरोक्यांचा पाहिजे, दारं सोडून. उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश. आता १२ बाय १० ची खोली घ्या. १२० चौरस फूट. त्याचा एक दशांश १२ चौरस फूट. म्हणजे चार बाय तीनची खिडकी. आमच्या मूळ घराच्या सवण्यातून दीड चौरस फूट उजेड येत असेल नसेल. नियमानं तो एकदम आठपट केला.

पण नियम कागदावर असून चालत नाही. चार फूट रुंद खिडकीवरचा भार कोण उचलणार, हा माझ्या पणजोबांचा प्रश्न तसाच होता. त्याचं उत्तर सिमेंटनं दिलं, आणि सिमेंट घ्यायला पैसा दिला तो पाण्यानं.

१८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळी काम म्हणून नीरेच्या कॅनॉलचं काम सुरू झालं. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, वर भाटघरचं धरण झालं, आणि बारामती-इंदापूरच्या माळावर बागायत सुरू झाली. ऊस, गूळ आणि पुढे साखर. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. हे वालचंद मूळचे सोलापूरचे, जन्म १८८२. त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या कारकुनाबरोबर भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेच्या कामाची कंत्राटं घेतली आणि तिथून बांधकामात शिरले. १९२६ ची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी त्यांचीच. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर बोगदे, पूल आणि काँक्रीट केलं, त्याच्या नावाचं गाव आमच्या तालुक्यात आहे, हा मला छान योगायोग वाटतो.

भारतात सिमेंटचं यशस्वी उत्पादन सुरू झालं १९१४ मध्ये, पोरबंदरला. पण सिमेंट एकटं काही कामाचं नाही. नुसतं काँक्रीट दाबलं तर भरपूर सोसतं, ओढलं की तुटतं. खिडकीवरच्या आडव्या पट्टीवर भार आला की ती वरच्या बाजूला दाबली जाते आणि खालच्या बाजूला ताणली जाते. म्हणून खालच्या बाजूला लोखंडी सळ्या घालायच्या. फ्रान्समध्ये हेनेबिकनं १८९२ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि मग ती जगभर पसरली. आज कुठल्याही खेड्यातला गवंडी खिडकीवर सहा इंचांचं लिंटेल टाकतो, चार सळ्या, वर रिंगा, आणि सहा फूट रुंद खिडकी सहज बसवतो. सागवान नको, लांब दगड नको.

इथं मला माझ्या २८ भोकांचं उत्तर मिळालं. खिडकी मोठी झाली ती लिंटेलमुळे. खिडकी मोठी झाली म्हणून पडदा लागला. आणि पडदा लावायला भोक पाडायला गेलो की आडवं येतं तेही लिंटेलच!

पण थांबा, मधला एक टप्पा राहिला. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात पडदे होते आणि भिंतीला एकही भोक नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल: पडद्याची स्प्रिंग. वरून प्लास्टिकचं आवरण, आत तारेची गुंडाळी, दोन टोकांना दोन हूक. खिडकीच्या लाकडी चौकटीत दोन आकडे फिरवून बसवायचे आणि स्प्रिंग ताणून अडकवायची. आईच्या जुन्या साडीचा पडदा त्यात ओवायचा. दोन महिन्यांत स्प्रिंग मधोमध झोळ खायची.

तो झोळ का पडतो? समजा पडद्याचं वजन १ किलो, लांबी ४८ इंच, आणि झोळ २ इंच. तारेतला ताण येतो वजन गुणिले लांबी भागिले आठ पट झोळ, म्हणजे ४८ भागिले १६, ३ किलो. झोळ एक इंचावर आणायचा तर ताण ६ किलो, अर्ध्या इंचावर १२. झोळ अगदी शून्य करायचा तर अनंत ताण. म्हणजे आई दर दिवाळीला 'जरा ओढून बसव' म्हणायची ते भौतिकशास्त्राला मंजूर नव्हतं. आडव्या दांडीला ही भानगड नाही. ती ताणावर चालत नाही, स्वतःच्या ताठपणावर चालते.

स्प्रिंग टिकली ती लाकडी चौकट होती तोवर. मग लाकूड महागलं, वाळवी लागते म्हणून नकोसं झालं, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. त्या पातळ पट्टीत आकडा फिरवायचा कुठं? मग दांडी भिंतीवर गेली, आणि भिंत म्हणजे लिंटेल.

आता भोक. काँक्रीटमध्ये स्क्रू फिरत नाही हे सांगायला नको. पूर्वीचा सुतार छिन्नीनं भिंतीत चौकोनी खड्डा करायचा, त्यात लाकडी गुट्टी ठोकायचा आणि गुट्टीत खिळा मारायचा. एका गुट्टीला अर्धा तास आणि मूठभर प्लास्टर खाली. लाकूड सुकलं की गुट्टी हलायला लागायची. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची कामं करताना हाच त्रास झाला. भिंती खराब न करता फिटिंग बसवायची होती. ते काम करणाऱ्या जॉन जोसेफ रॉलिंग्जनं १९११ मध्ये तागाच्या धाग्यांची, गोंदासारख्या द्रव्यानं घट्ट केलेली एक बारीक नळी शोधली. गोल भोक पाडा, नळी आत घाला, स्क्रू फिरवा. स्क्रू आत जाताना नळी फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट धरते. ताग त्या काळी मुख्यतः बंगालमधून जायचा. म्हणजे म्युझियमच्या भिंतीतली पहिली गिट्टी बहुधा आपल्याच शेतकऱ्याच्या तागाची!

पुढे जर्मनीत आर्टुर फिशरनं १९५८ मध्ये नायलॉनची गिट्टी आणली. तिला बाजूला कान आणि दाते, त्यामुळे ती भोकात गरगर फिरत नाही. या माणसाच्या नावावर ११०० हून जास्त पेटंट होती. हार्डवेअरच्या दुकानात गिट्ट्यांचं जे पाकीट मिळतं ते याच कल्पनेचं. ड्रिल मशीनला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा देण्याचं पेटंट अमेरिकेतल्या ब्लॅक आणि डेकर या जोडीचं, १९१७ चं. आणि बिटच्या टोकाला जो कठीण तुकडा असतो, तो १९२० च्या दशकात जर्मनीत निघालेला कार्बाइड. त्याचं व्यापारी नाव 'विडिया', जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखं'. आपल्या वर्कशॉपमध्ये हा शब्द अजून चालतो.

ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी. भोकातून येणारी भुकटी बघत जा. लाल आली तर वीट, करडी आली तर काँक्रीट, पांढरी आणि पिठासारखी आली तर सिपोरेक्ससारखा हलका ब्लॉक, त्यात साधी गिट्टी टिकत नाही, लांब आणि खास त्यासाठीची घ्या. काँक्रीटला नुसतं फिरणारं ड्रिल पुरत नाही, हॅमर पाहिजे, म्हणजे फिरता फिरता ठोके देणारं. लिंटेलच्या अगदी खालच्या कडेला भोक पाडू नका, सळ्या तिथंच असतात. तीनेक इंच वर जा. आणि ब्रॅकेटचं गणित लक्षात ठेवा. दांडी भिंतीपासून ९ सेंटिमीटर पुढे आणि दोन स्क्रूंमधलं अंतर साडेचार सेंटिमीटर असेल, तर वरचा स्क्रू वजनाच्या दुप्पट जोरानं बाहेर ओढला जातो. पडद्याचे तीन-चार किलो काहीच नाहीत. पण वीस किलोचा भाचा पडद्याला लोंबकळला की तो स्क्रू ४० किलो सोसत असतो.

एवढं सगळं मी आजीला सांगत होतो. म्हणजे मी स्टुलावर आणि ती खाली पलंगावर बसून. तिला प्लेग आणि पेटंटमध्ये रस नव्हता. माळवद किती गार होतं, किती पर्यावरणपूरक होतं वगैरे मी बोलायला लागलो, तेव्हा मात्र तिनं थांबवलं.

"गार व्हतं बाबा. पर चुलीपाशी डोळं गेलं माझं. सवण्यातनं धूर जायाचा त्यापेक्षा आमच्या नाकात जास्ती. दिसा चिमणी लावून तांदूळ निवडायचो. तुला काय ठावं."

मी गप्प. मग तीच म्हणाली, "तुमच्या घरात उजेड लई झ्याक हाय. पर येवढ्या भिंती बांधल्या आन एक खुंटी न्हाई. माझी पिशवी, माळ कुठं अडकवू? रोज खुर्चीवर ठिवते, रोज कुणीतरी उचलून दुसरीकडं ठिवतं."

उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भीमेचं पाणी मागं पसरत गेलं आणि इंदापूर, करमाळा भागातली काठावरची गावं त्यात गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ त्यातलंच, पाणी फार खाली गेलं की अजूनही दिसतं. आमचं गावही गेलं. त्या पाण्यावर मैलोन् मैल ऊस उभा राहिला, लोकांचे बंगले झाले, ही गोष्ट खरी. आणि ज्यांची पांढरी बुडाली त्यांनी नव्या गावठाणात पत्र्याखाली पहिली वर्षं काढली, हीपण खरी. आजी सांगते, घर सोडताना दाराची चौकट काढली, तुळया काढल्या, खांब काढले, सगळं बैलगाडीत घातलं. खिडकी आणायला नव्हतीच. आणि खुंट्या निघाल्या नाहीत. भिंतीत इतक्या खोल होत्या की भिंत पाडल्याशिवाय निघणार नव्हत्या, आणि भिंत पाडायला कुणाला सवड होती? त्या तशाच पाण्याखाली गेल्या.

हे ऐकल्यावर माझ्या 'हार्डकोडेड' वरच्या विनोदाचं मलाच फारसं कौतुक राहिलं नाही. नवं घर म्हणजे काहीही, कुठंही, कधीही लावता येईल अशी कोरी भिंत. त्याला आम्ही स्वातंत्र्य म्हणतो, आणि ते आहेच. पडदा लावायचा, काढायचा, दांडी हलवायची, सगळं आपल्या हातात. पण हे स्वातंत्र्य ज्याच्या हातात ड्रिल मशीन आहे त्याचं. ८० वर्षांच्या बाईला कोऱ्या भिंतीवर स्वतःची जागा करता येत नाही. जुन्या घरात उजेड नव्हता, पण तिची खुंटी ठरलेली होती. नव्या घरात १२ चौरस फूट उजेड आहे, आणि पिशवीला जागा नाही. नियमांच्या पुस्तकात खिडकीचा दशांश लिहिलेला आहे, खुंटीबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही.

त्यामुळे भोकांची संख्या २८ वरून ३२ झाली. तिच्या पलंगापासून हात पोचेल इतक्या उंचीवर सागवानी पट्टी, त्यावर तीन खुंट्या. पट्टीला चार स्क्रू, चार गिट्ट्या. भुकटी लाल आली, म्हणजे वीट, काम सोपं झालं. तिथं आता पिशवी, माळ आणि चष्म्याची डबी आहे, आणि ती कुणी उचलत नाही.

असो. विषय पडद्याचा होता, लांबला. तुमच्या मूळ गावच्या घराला खिडक्या किती होत्या आणि खुंटी कुठल्या भिंतीला होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून ठेवा. माळवदं झपाट्यानं पडतायत, आणि ती बघितलेली माणसंही आता थोडीच उरलीत.